जावापी: क्लास फाईल वाचणाऱ्या साधनात काय सुधारायचे आणि का

समजा, देवगडच्या एका आंबा बागायतदाराचा पेट्यांचा हिशेब जुन्या जावा सॉफ्टवेअरवर चालतो. जार फाईल (कंपाइल झालेल्या क्लास फाईलींचा गठ्ठा) आहे, सोर्स म्हणजे मूळ कोड मात्र लिहिणाऱ्याबरोबर मुंबईला गेला. अशा वेळी आधी हाताशी येते ते क्लास फाईलीत काय आहे ते छापणारे जावापी (javap). जेडीके या जावाच्या साधनसंचाबरोबरच मिळते, आणि भर पावसात नेट गेले तरी अडत नाही.

१९९६ च्या जेडीके १.० पासून ते आहे. तेव्हा काम सोपे होते: सुरुवातीला ‘कॅफेबेब’ शिक्का असलेली क्लास फाईल उघडायची, क्लास, फील्ड आणि मेथड छापायच्या. सोर्समध्ये लिहिलेले बहुतेक जसेच्या तसे फाईलीत असे. २००४ मध्ये जावा ५ ने जेनेरिक्स (लिस्टमध्ये कशाचे घटक आहेत ते प्रकारातच सांगण्याची सोय) आणून हा मेळ मोडला. जुना कोड चालता राहावा म्हणून कंपायलर ‘पेट्यांची लिस्ट’ची नुसती ‘लिस्ट’ करतो आणि पूर्ण प्रकार क्लास फाईलीच्या जादा नोंदींतल्या ‘सिग्नेचर’ अ‍ॅट्रिब्यूटमध्ये ठेवतो. मेथडच्या आतल्या व्हेरिएबलचे जेनेरिक प्रकार ‘-जी’ (डीबगची माहिती ठेवणारा ऑप्शन) लावून कंपाइल केले असेल तरच उरतात. पॅरामीटरच्या नावांसाठी जावा ८ (२०१४) मध्ये वेगळी जागा झाली, पण कंपाइल करताना ‘-पॅरामीटर्स’ दिले नसेल तर ती सहसा नसतेच. (‘-जी’ असेल तर नावे लोकल व्हेरिएबल टेबलातून काढता येतात, इंटरफेसच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मेथडला मात्र ते टेबलही नसते.) फाईलीत नाही ते कुठलीही सुधारणा दाखवू शकणार नाही.

सुधारणेला वाव आहे तो फाईलीत असूनही नजरेस न पडणाऱ्या माहितीत. एनमला (ठरावीक नावांच्या यादीचा क्लास) स्वतःचा फ्लॅग म्हणजे ओळखीची खूण आहे, तरी साधा एनम ‘फायनल क्लास, एक्स्टेंड्स एनम’ असाच छापला जातो. रेकॉर्डला (फक्त माहिती ठेवणारा क्लास; जावा १६, २०२१) फ्लॅगच नाही. ‘रेकॉर्ड’ अ‍ॅट्रिब्यूट पाहून तो ओळखायचा. त्याची फील्ड प्रायव्हेट, म्हणून ‘-पी’ दिल्याशिवाय दिसत नाहीत. जावा १७ चे सील्ड क्लासही (त्यांना कोणी एक्स्टेंड करायचे ते ठरवून दिलेले) ‘पर्मिटेड सबक्लासेस’ अ‍ॅट्रिब्यूटवरूनच कळतात. ‘-व्ही’ (सविस्तर आउटपुट) दिले की हे सगळे मिळते, पण सोबत कॉन्स्टंट पूलच्या (फाईलीतल्या नावांचा आणि स्थिरांकांचा तक्ता) ओळींचा ढीग येतो. तारलीच्या टोपलीत एक सुरमई हुडकण्यातला प्रकार.

मग नेहमीचे आउटपुटच बदलावे का? नको. त्यावर ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) लावून बसलेल्या बिल्ड स्क्रिप्ट एका रात्रीत मोडतील. सोर्ससारखी मांडणी वेगळ्या ऑप्शनखाली द्यावी.

दुसरी अडचण जावा बदलण्याच्या वेगाची. २०१८ पासून दर सहा महिन्यांनी नवा जावा येतो आणि क्लास फाईलचा क्रमांकही एकेक वाढतो (जावाचा आकडा अधिक ४४, जावा १७ म्हणजे ६१). फाईल वाचणारा स्वतःचा पार्सर बाळगणारे साधन मागे पडते. जावा २४ मध्ये, मार्च २०२५ ला, क्लास फाईल वाचण्या-लिहिण्याचा जावातलाच क्लासफाईल एपीआय पक्का झाला आणि जावापीही आता त्यावरच उभे आहे, म्हणून नवी मांडणीही त्यावरच बांधावी.

दोन बारीक गोष्टी यादीत हव्यातच. आतल्या क्लासच्या नावात डॉलर असतो. बॅश या शेलमध्ये (कमांड जिथे टाइप करतात तिथे) नाव एकेरी अवतरणात नसेल तर शेल डॉलरपुढचे गिळतो आणि बाहेरचाच क्लास छापला जातो. आणि ‘पेटी’ हे क्लासचे नाव देवनागरीत लिहिले तर जावाला चालते, पण विंडोजच्या कन्सोलचे एन्कोडिंग जुने असेल तर तिथे नुसती प्रश्नचिन्हे उमटतात.