प्रकाशतरंग इलेक्ट्रॉनिकी

लेसर प्रकाशातील विद्युतक्षेत्राने घन पदार्थातील इलेक्ट्रॉनांना थेट ढकलून विद्युतप्रवाह निर्माण करण्याचे आणि त्याची दिशा ठरवण्याचे तंत्र. ट्रान्झिस्टरमध्ये हे काम बाहेरून दिलेला व्होल्टेज करतो आणि उष्णता व तारांमधला विलंब यांमुळे चिपचा वेग काही गिगाहर्ट्‌झपाशी अडतो. याउलट 800 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे क्षेत्र दर 2.7 फेम्टोसेकंदांनी (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग) एक आंदोलन पुरे करते.

प्रकाशाने प्रवाह सौरघटातही वाहतो, पण तिथे फक्त किती प्रकाश पडला याला महत्त्व असते. इथे तरंगाचा आकार निर्णायक ठरतो. प्रकाशाच्या लांबलचक स्पंदात (झोतात) डावीकडचे आणि उजवीकडचे धक्के एकमेकांना खोडून काढतात. स्पंद दोन-तीन आंदोलनांचाच असेल, तर एका बाजूचा धक्का वरचढ ठरू शकतो. तो कोणत्या बाजूचा, हे स्पंदाच्या आवरणाखाली तरंगाचा माथा नेमका कुठे येतो यावर, म्हणजे त्याच्या कलेवर (फेजवर) अवलंबून असते. कला 180 अंशांनी बदलली की प्रकाशाची तीव्रता तीच राहूनही प्रवाह उलटतो.

2013 मध्ये जर्मनीतील गार्शिंग येथे फेरेन्त्स क्राउस यांच्या गटाने सोन्याच्या दोन विद्युत् अग्रांमध्ये ठेवलेल्या सिलिका काचेत असा प्रवाह दाखवला. काच एरवी पक्की विद्युत् निरोधक. मीटरला अब्जावधी व्होल्ट इतक्या क्षेत्रात ती क्षणभर वाहक झाली आणि स्पंद सरताच पूर्ववत झाली. इतके क्षेत्र सतत लावले असते, तर ती फुटलीच असती.

एर्लांगेन येथे पीटर होमेलहोफ यांच्या गटाने 2017 मध्ये ग्राफीन, म्हणजे कार्बनचा एका अणूइतका जाड थर, वापरले. क्षेत्र वाढवत नेल्यावर एका टप्प्यावर प्रवाहाची दिशाच पालटली. इलेक्ट्रॉन एका आंदोलनात संयुजा पट्टातून (कमी ऊर्जेच्या पातळ्यांतून) संवहन पट्टात (वरच्या पातळ्यांत) दोन मार्गांनी पोहोचतात आणि त्या मार्गांचे व्यतिकरण होते, म्हणजे ते तरंगांसारखे एकमेकांना वाढवतात किंवा खोडतात, असा त्याचा उलगडा आहे. 2022 मध्ये याच गटाने रॉचेस्टर विद्यापीठासोबत सोने-ग्राफीन-सोने रचनेतून तर्कद्वाराचे (संगणकातील लॉजिक गेटचे) प्रात्यक्षिक केले. दोन स्पंदांच्या कला हे त्याचे निवेश (इनपुट) होते.

याला संगणक म्हणणे घाईचे ठरेल. मिळणारा प्रवाह अतिक्षीण असतो आणि असंख्य स्पंदांची सरासरी काढूनच तो मोजता येतो. उपकरण सूक्ष्म असले, तरी त्याला चालवणारा लेसर अख्खे टेबल व्यापतो. शिवाय 2022 मधील एका अभ्यासानुसार प्रकाशनियंत्रित उपकरणांची वेगमर्यादा सुमारे एक पेटाहर्ट्‌झ (सेकंदाला दहा लाख अब्ज आंदोलने) आहे: स्पंद जितका आखूड, तितकी इलेक्ट्रॉनांची ऊर्जा अनिश्चित, आणि प्रवाहावरचा ताबा तितका सैल.