तिसाला एक शिक्षक म्हणजे वर्गात तीस मुलं नव्हेत

जून उजाडला की पुण्यातल्या पालकांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: "आरटीईप्रमाणे वर्गात तीसच मुलं पाहिजेत, मग आमच्या शाळेत पंचेचाळीस कशी?" असा अर्ज घेऊन पालक शिक्षण विभागात जातात आणि हात हलवत परततात, कारण आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, तसं कुठेही लिहिलेलं नाही. त्यातला तिसाचा हिशोब वर्गाचा नाही, पूर्ण शाळेतल्या मुलं आणि शिक्षकांच्या प्रमाणाचा आहे. गाऱ्हाणं खरं असतं, पण त्याला लावलेलं कलम चुकीचं. मला या गोंधळाचा राग येतो तो याचसाठी.

वर्गातली मुलं किती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. हजेरीपट उघडायचा आणि मोजायचं. सीबीएसईच्या शाळांना एका तुकडीत साधारण ४० मुलांची मर्यादा आहे, आणि ती खरोखर तुकडीची मर्यादा आहे. कोथरूड-बाणेरकडच्या पालकांना हाच नियम माहीत असतो. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेबद्दल बोलतानाही ते तोच डोक्यात धरतात. (आरटीई म्हणजे फक्त २५ टक्के जागांची सोडत, असंही पुष्कळांना वाटतं. ते खाजगी शाळांतल्या प्रवेशाचं कलम आहे, त्याचा इथे संबंध नाही.)

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात शिक्षकांचा तक्ता आहे. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. दीडशेच्या वर पट गेला की त्याखेरीज मुख्याध्यापक. दोनशेच्या वर मुख्याध्यापक सोडून एका शिक्षकामागे ४० पेक्षा जास्त मुलं नकोत. हा तक्ता पूर्ण शाळेचा पट मोजतो. कुठल्या इयत्तेत किती मुलं बसलीत, हे तो विचारतच नाही. 'तीस' हा आकडाही त्यात सगळीकडे टिकत नाही: १२० मुलांना ४ शिक्षक म्हणजे तीसास एक, पण २०० मुलांना ५ शिक्षक म्हणजे चाळीसास एक, आणि तेही कायदेशीर. महाराष्ट्रात पदं प्रत्यक्ष मंजूर होतात ती संचमान्यतेतून, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवण्याच्या सरकारी प्रक्रियेतून. तिचे निकष शासन निर्णयांनी ठरतात आणि बदलतात, १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने ते पुन्हा बदलले. पण मोजायची रीत तीच, आधी शाळेचा पट आणि मग पदं.

आता दोन शाळा घेऊ. नावं नकोत, अशा शाळा पुणे जिल्ह्यात जागोजागी आहेत.

पहिली भोर किंवा वेल्ह्याच्या डोंगराकडची. पहिली ते चौथी, पट ४०, शिक्षक २. प्रमाण निघतं वीसास एक. कागदावर ही शाळा शहरातल्या महागड्या शाळांच्याही पुढे. प्रत्यक्षात इयत्ता चार आणि शिक्षक दोन, म्हणजे प्रत्येकाकडे जोडवर्ग. फळ्याच्या मधोमध खडूने उभी रेघ मारलेली असते, डावीकडे दुसरीची हातच्याची वजाबाकी, उजवीकडे पहिलीची बाराखडी. बाई एका बाजूला शिकवतात तेव्हा दुसरी बाजू पाटीवर गिरवत बसते. ४० मिनिटांच्या तासिकेत प्रत्येक इयत्तेच्या वाट्याला २० मिनिटं येतात. एक शिक्षक केंद्रशाळेत बैठकीला गेले, की त्या दिवशी एका बाईंकडे चारही इयत्ता. वीसास एक या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

दुसरी शाळा शहराच्या कडेची, जिथे पाच वर्षांत सोसायट्या आणि मजुरांच्या वस्त्या दोन्ही वाढल्या. पहिली ते पाचवी, पट २४०. परिशिष्टाप्रमाणे ६ शिक्षक आणि वर मुख्याध्यापक. प्रमाण चाळीसास एक, नियमात चोख बसलेलं. इयत्ता पाच, प्रत्येकीत ४८ मुलं धरा. सहाव्या शिक्षकामुळे एका इयत्तेच्या दोन तुकड्या होतात, २४-२४ च्या. उरलेल्या चार इयत्तांत मुलं ४८ च राहतात. म्हणजे एकही नियम न मोडता ४८ मुलांचे चार वर्ग. या शाळेतले पालक 'तीसचा नियम मोडला' म्हणून अर्ज करतात आणि तो निकाली निघतो.

पहिल्या शाळेत प्रमाण उत्तम आहे पण इयत्तांना शिक्षक पुरत नाहीत. दुसरीत प्रमाण नियमात आहे पण वर्ग तुडुंब आहेत. दोघींची दुखणी वेगळी, मागण्या वेगळ्या हव्यात. डोंगरातल्या शाळेने 'इयत्तेमागे शिक्षक' मागावा, कडेच्या शाळेने 'जादा तुकडी आणि तिला शिक्षक' मागावा. प्रमाण सुधारा म्हणत बसलं, तर पहिल्या शाळेला उत्तर मिळतं की तुमचं प्रमाण आधीच छान आहे. माझं स्पष्ट मत आहे की प्राथमिक शाळेबद्दल बोलताना नुसतं प्रमाण सांगणं बंद करावं. इयत्तावार पट आणि इयत्तावार शिक्षक सांगितल्याशिवाय तो आकडा दिशाभूल करतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातलं 'तिसापेक्षा कमी' हे उद्दिष्टही प्रमाणाचंच आहे. लोक तेसुद्धा वर्गाची मर्यादा म्हणून सांगतात.

सहावी ते आठवीत कायदा थोडा जास्त नेमका आहे. पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, शिवाय प्रत्येक वर्गाला किमान एक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांना प्रत्येकी एक तरी. इथे 'वर्ग' हा शब्द कायद्यात आला आहे. पहिली ते पाचवीलाही तो असता, तर भोरच्या शाळेचं चित्र वेगळं दिसलं असतं.

प्रमाण फसवं ठरतं त्याची आणखी दोन कारणं. एक म्हणजे पट कधी मोजला. संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. इंदापूर, दौंड, शिरूरकडे साखर कारखान्यांवर ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात त्या त्यानंतर. त्यांची मुलं शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं कार्ड) घेऊन जवळच्या शाळेत येऊन बसतात. ती वर्गात असतात, पण पदांच्या हिशोबात नसतात. दुसरं म्हणजे शिक्षक मोजले कोणते. मंजूर पदं आणि कार्यरत शिक्षक यांत फरक असतो. कलम २६ प्रमाणे रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावीत. कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकांना देऊ देतं. पण निवडणुकीच्या हंगामात एवढ्यानेही वर्ग रिकामा पडतो, आणि प्रमाणात तो शिक्षक हजरच धरलेला असतो.

पैशांच्या बाबतीतही हाच गोंधळ. "अनुदान आलंय ना, मग त्यातून चौथीसाठी एक बाई ठेवा," असं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणतंच. तसं करता येत नाही. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान बंद पडलेली साधनं बदलणं, शैक्षणिक साहित्य, वीजबिल, पाणी, इंटरनेट, किरकोळ दुरुस्ती यांसाठी असतं, आणि त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. शिक्षकाचा पगार वेगळ्या वाटेने येतो. शिवाय हे अनुदान वर्गावर नाही, शाळेच्या पटावर ठरतं: शंभरच्या वर २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार, त्यापुढे एक लाख. म्हणजे २५० च्या शाळेत मुलामागे २०० रुपये आणि १००० च्या शाळेत ७५. गर्दीच्या शाळेला दुहेरी मार बसतो, वर्ग मोठे आणि मुलामागे पैसा कमी. जुन्या लोकांच्या डोक्यात वर्गखोल्यांचा हिशोब बसला आहे, त्याला कारण आहे. त्याआधीच्या सर्व शिक्षा अभियानात देखभाल निधी तीन खोल्यांपर्यंत ५ हजार आणि जास्त असल्यास १० हजार मिळायचा, शिवाय शिक्षकामागे साहित्यासाठी ५०० रुपये. २०१८ पासून त्याऐवजी हे एकच संयुक्त अनुदान आलं.

खोल्यांचंही तसंच. कायदा 'प्रत्येक शिक्षकाला किमान एक वर्गखोली' म्हणतो. तिथेही मोजमाप शिक्षकाचं आहे, मुलांचं नाही. म्हणून जादा तुकडीची मागणी करायची तर आधी पद मंजूर करून घ्यावं लागतं. नुसती खोली मागितली तर 'शिक्षक कुठेत?' हा प्रश्न येतो.

इयत्तावार मुलं आणि शिक्षक हे दोन्ही आकडे एकाच कागदावर आणायची जागा कायद्यातच आहे: कलम २२ चा शाळा विकास आराखडा. तो व्यवस्थापन समितीने करायचा असतो, आणि त्या समितीत ७५ टक्के पालकच असतात. केंद्र सरकारच्या २०१० च्या आदर्श नियमांप्रमाणे त्यात पुढच्या तीन वर्षांचा इयत्तावार अंदाजे पट, लागणारे जादा शिक्षक आणि जादा बांधकाम, साहित्य असं सगळं लिहून, अध्यक्षांच्या सहीने आर्थिक वर्ष संपायच्या आत स्थानिक प्राधिकरणाकडे द्यायचं असतं. बहुतेक ठिकाणी हा आराखडा गेल्या वर्षीचा उतरवून काढतात. पालक सदस्यांनी यंदा इयत्तावार पटाचा रकाना स्वतः हजेरीपटावरून भरावा, स्थलांतरित मुलांसकट, आणि त्याशेजारी मंजूर पदं, कार्यरत शिक्षक आणि जोडवर्ग कुठले, हे लिहावं. भोरच्या शाळेतली चार इयत्तांना दोन शिक्षकांची अडचण आणि कडेच्या शाळेतले ४८ चे वर्ग त्याच कागदावर दिसतील, आणि तो कागद मागणीला जोडता येईल.