बार्बरचं जाकीट राजवाड्यात जन्मलं नाही

बार्बर या ब्रिटिश कपडे-कंपनीचं मेणकापडाचं जाकीट इंग्लंडच्या राजघराण्याच्या शिकारीसाठी जन्माला आलं, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. महाराणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या अंगात ते अनेकदा दिसलं, त्यामुळे लोकांना ते पटतंही. पण ते खरं नाही.

जॉन बार्बर मूळचे स्कॉटलंडचे. 1894 मध्ये त्यांनी ईशान्य इंग्लंडात टाइन नदीच्या मुखाशी, साउथ शील्ड्स या बंदरात दुकान थाटलं. गिऱ्हाईक कोण, तर खलाशी, कोळी आणि गोदीतले कामगार. पावसावाऱ्यात अंग कोरडं ठेवणारं कापड त्यांना हवं होतं, तोरा नव्हे! पुढे 1936 मध्ये घरातल्याच डंकन बार्बर यांनी मोटारसायकलस्वारांसाठी मेणकापडाचा सूट आणला. दुसऱ्या महायुद्धात 'अर्सुला' या ब्रिटिश पाणबुडीच्या कप्तानाने तसाच अखंड सूट कापून दोन भागांचा करवून घेतला.

राजघराण्याची पहिली सनद आली ती 1974 मध्ये, महाराणीचे पती, एडिनबराचे ड्यूक यांच्याकडून. महाराणीची 1982 मध्ये. म्हणजे पहिली सनदसुद्धा दुकान उघडल्यावर तब्बल 80 वर्षांनी. शिवाय सनद म्हणजे 'हे आम्हाला माल पुरवतात' एवढीच पावती, जन्मदाखला नव्हे.

आज ज्याला आपण 'बार्बर' म्हणून ओळखतो, ते बिडेल जाकीट तर 1980 चं. कॉर्डरॉयची कॉलर, बाहीच्या आत विणलेली मनगटपट्टी आणि घोड्यावर बसता यावं म्हणून मागे दोन चिरा. ते बेतलं मार्गारेट बार्बर यांनी. पूर्वी त्या शिक्षिका होत्या. 1968 मध्ये पती वारल्यावर धंद्यात उतरल्या. खानदानी थाट आला तो त्यांच्या काळात. कंपनी अजूनही बार्बर कुटुंबाचीच आहे आणि मेणकापडाची पारंपरिक जाकिटं आजही साउथ शील्ड्सला शिवली जातात.