गोरोंगोरोचा तिढा: टांझानियातील एका वाटणीची पार्श्वभूमी

टांझानियाला जाणारे बहुतेक पर्यटक अरुशा शहरातून जीपने निघतात, वन्यप्राण्यांची सेरेंगेटी मैदाने आणि गोरोंगोरो हे ज्वालामुखीचे विवर पाहतात आणि शेवटचे दोन-तीन दिवस झांझिबारच्या किनाऱ्यावर घालवतात. दक्षिणेकडील रुआहा किंवा टांगानिका सरोवराकाठचे चिंपांझींचे गोंबे येथवर जाणारे थोडे. सुमारे ९ लाख ४५ हजार चौरस किलोमीटरचा, १२० हून अधिक जमातींचा आणि २०२२ च्या जनगणनेनुसार ६ कोटी १७ लाख वस्तीचा हा देश बाहेरच्यांच्या नजरेत त्यामुळे उत्तरेच्या एका कोपऱ्यात आक्रसलेला आहे. पर्यटनाचा पैसा त्या कोपऱ्यात आहे आणि जमिनीचा सर्वांत जुना वादही तिथेच आहे.

किनारपट्टीचा इतिहास वेगळा आणि आपल्याला तुलनेने जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकात झांझिबारमधील ब्रिटिश प्रतिनिधी बराच काळ मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता, कच्छी-गुजराती व्यापारी आणि पुढे गोव्याचे कारकून-शिंपी तिथे स्थिरावले आणि जर्मनांनी आपल्या वसाहतीत चालवलेल्या रुपयाचेही १९०४ पर्यंत ६४ पैसेच होत. १९६४ मध्ये टांगानिका (मुख्यभूमी) आणि झांझिबार एक होऊन टांझानिया झाला, त्या एकीकरणातील कुरबुरी अजून मिटलेल्या नाहीत. पण मसाई या पशुपालक जमातीच्या पठारावरील प्रश्नाची मुळे त्याहून आधीची आहेत.

१८९० च्या दशकात गुरांच्या बुळकांडीने पूर्व आफ्रिकेतील बहुतेक पशुधन संपवले, पाठोपाठ देवी आणि दुष्काळ आला. जर्मन अधिकारी आणि शिकारी या भागात पोहोचले ते नेमके याच सुमारास, आणि ओस पडलेली कुरणे त्यांनी मुळातच निर्मनुष्य मानली. एका जर्मन वसाहतकाराने तर गोरोंगोरो विवराच्या तळात शेत आणि गोठे उभे केले होते. पहिल्या महायुद्धानंतर प्रदेश ब्रिटिशांकडे आला आणि शिकारीवरील निर्बंध टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन १९५१ मध्ये सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान प्रत्यक्षात आले. त्याच्या हद्दीत गोरोंगोरोही होते आणि तिथे राहणाऱ्या मसाईंचे हक्क अबाधित राहतील असे त्यांना सांगण्यात आले होते.

हे आश्वासन चार-पाच वर्षेही टिकले नाही. शेतीवर बंदी आली, वस्त्या हलवण्याच्या सूचना सुटल्या, मसाईंचा विरोध वाढला. १९५६ मध्ये सरकारने उद्यानाचे तुकडे करून मधला मोठा भाग पशुपालकांना मोकळा करण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा युरोप-अमेरिकेतील निसर्गप्रेमींनी इतका गहजब केला की चौकशी समिती नेमावी लागली. तिच्या शिफारशींना धरून १९५९ मध्ये जी वाटणी झाली, ती आजच्या वादाच्या मुळाशी आहे. पश्चिमेकडील सेरेंगेटी हे निव्वळ वन्यप्राण्यांसाठी राखीव झाले आणि तिथल्या मसाईंना बाहेर पडावे लागले. पूर्वेकडील सुमारे ८,३०० चौरस किलोमीटरचे गोरोंगोरो हे ‘संवर्धन क्षेत्र’ ठरले, जिथे माणसे, गुरे आणि वन्यप्राणी एकत्र राहणार होते. सेरेंगेटीवरील हक्क सोडल्याच्या कागदावर आदल्या वर्षी १२ मसाई वडीलधाऱ्यांच्या संमतीच्या खुणा घेतल्या होत्या. तो कागद त्यांना कितपत समजला होता, यावर त्यांचे वंशज आजही प्रश्न उभा करतात, आणि तो प्रश्न गैरवाजवी म्हणता येत नाही. वाटणीच्या वर्षी, १९५९ मध्ये, ब्रिटिश गव्हर्नरने मसाईंच्या सभेत जाहीर केले की गोरोंगोरोमध्ये प्राणी आणि रहिवासी यांच्या हितांत संघर्ष झाला तर रहिवाशांना प्राधान्य मिळेल. हे वचन भाषणात होते. कायद्यात त्याला तितकी स्पष्ट जागा मिळाली नाही, आणि पुढच्या सगळ्या भांडणात एक बाजू भाषणाकडे बोट दाखवते तर दुसरी कायद्याकडे.

माणसे आणि प्राणी एकत्र राहू शकतात, हे केवळ भावनेने म्हटलेले नव्हते. ज्वालामुखीच्या राखेमुळे इथल्या मैदानांवर आखूड पण खनिजयुक्त गवत उगवते, म्हणून वर्षाच्या सुरुवातीला, पावसाळी दिवसांत, विल्डबीस्ट या मोठ्या कुरंगांचे कळप विण्यासाठी एन्डुटूच्या परिसरात जमतात. नव्याने जन्मलेल्या वासरांपासून गुरांना जीवघेणा ताप लागतो, हे मसाईंना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नेमके हिरवे कुरण समोर असताना ते आपली गुरे डोंगरमाथ्यावर नेतात आणि कळप पुढे सरकल्यावर खाली उतरतात. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. १९६० च्या सुरुवातीला सेरेंगेटीत विल्डबीस्टची संख्या अडीच लाखांच्या आसपास होती, ती १९७० च्या दशकाअखेर तेरा लाखांवर गेली, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे आसपासच्या पाळीव गुरांना बुळकांडीची लस टोचली गेली आणि त्यांच्यापासून विल्डबीस्टलाही होणारा हा रोग थांबला. ज्या गुरांना उपद्रव मानले गेले, त्यांच्याच लसीकरणामुळे विल्डबीस्टचे जगप्रसिद्ध स्थलांतर आजच्या आकाराला आले, हे माहितीपुस्तिकांत क्वचितच छापले जाते.

स्वातंत्र्यानंतर सरकार बदलले, धोरणाची दिशा मात्र फारशी बदलली नाही. सुमारे ६०० मीटर खोल आणि २६० चौरस किलोमीटर तळ असलेल्या विवरातील कुटुंबांना १९७४ मध्ये बाहेर काढण्यात आले. १९७५ मध्ये संपूर्ण क्षेत्रात शेतीबंदी झाली, १९९२ मध्ये उपासमारीमुळे ती शिथिल करावी लागली आणि २००९ मध्ये पुन्हा लागू झाली. दरम्यान १९७९ मध्ये गोरोंगोरो जागतिक वारसा यादीत गेले; लाएटोली येथील ३६ लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश पाऊलखुणा आणि ओल्डुवाई घळीतील अवशेष यांची दखल घेऊन २०१० मध्ये त्याला सांस्कृतिक वारशाचाही दर्जा मिळाला.

१९५९ मध्ये गोरोंगोरोत साधारण ८,००० रहिवासी होते, गेल्या दशकात ते ९० हजारांच्या पुढे गेले. सरकारचा युक्तिवाद या आकड्यावर उभा आहे आणि तो पोकळ नाही, कारण तेवढ्याच कुरणात एवढी वस्ती चरितार्थ चालवू शकत नाही. मात्र याच काळात विवराच्या कडेवर हॉटेले उभी राहिली, त्यांच्या पाण्याचा आणि रस्त्यांचा हिशेब त्याच तराजूत घातला जात नाही. २०२२ पासून कुटुंबांना टांगा प्रांतातील म्सोमेरा गावी घर आणि शेतजमीन देऊन हलवणे सुरू झाले. सरकार हे स्थलांतर स्वेच्छेचे म्हणते. शाळा, दवाखाने आणि इतर सोयींचा निधी आटवला असताना स्वेच्छा कशी, असे रहिवासी विचारतात. त्याच वर्षी जूनमध्ये शेजारच्या लोलिओंडोत १,५०० चौरस किलोमीटर चराऊ जमिनीवर सीमादगड रोवताना गोळीबार झाला, एक पोलीस मारला गेला आणि अनेक मसाई सीमा ओलांडून केनियात गेले. पूर्व आफ्रिकेतील देशांच्या सामायिक न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये गावकऱ्यांचा दावा फेटाळला, तर नोव्हेंबर २०२३ मध्ये अपिलात तो फेरसुनावणीसाठी परत पाठवला गेला.

ऑगस्ट २०२४ मध्ये मतदार नोंदणीतून आपली गावे वगळली जात असल्याच्या रागाने हजारो मसाईंनी सेरेंगेटीकडे जाणारा रस्ता अडवला आणि पर्यटकांच्या गाड्या खोळंबल्या. त्यानंतर डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी अरुशात मसाई प्रतिनिधींची भेट घेऊन दोन आयोग जाहीर केले, एक जमिनीच्या तक्रारींसाठी आणि दुसरा म्सोमेराला हलवलेल्यांच्या प्रश्नासाठी.