बहुभाषिक वर्गातील वाचनशिक्षण : मुंबईतील शिक्षक-प्रशिक्षण

घरची भाषा आणि शाळेची भाषा वेगळी असलेल्या मुलांना वाचायला कसे शिकवावे, याची शिक्षकांना सेवेत असताना मिळणारी तयारी. मुंबईत हा विषय जवळजवळ प्रत्येक प्राथमिक शाळेला लागू पडतो. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून चालतात. पण माध्यम कळले म्हणजे वर्गाची भाषा कळली असे होत नाही. हिंदी माध्यमातले मूल घरी भोजपुरी किंवा अवधी बोलते, मराठी माध्यमातल्या एकाच बाकावर मालवणी, आगरी आणि गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलणारी मुले शेजारी बसतात. इंग्रजी माध्यमात तर बहुतेकांना शाळेची भाषा शाळेतच पहिल्यांदा भेटते.

प्रशिक्षणाचा सैद्धांतिक पाया साधा आहे. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार वाचन म्हणजे लिपी उलगडणे आणि भाषा समजणे यांचा गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्य. मुंबईच्या वर्गात या दोन्ही बाजू स्वतंत्रपणे लंगड्या असलेली मुले दिसतात. एक मूल उतारा घडाघडा वाचते, पण काय वाचले ते सांगू शकत नाही. दुसरे तीच गोष्ट ऐकून रंगवून सांगते, पण अक्षरांपाशी अडखळते. दोघांनाही ‘वाचनात कच्चा’ असा एकच शेरा मिळतो, आणि अडचण तिथून सुरू होते.

म्हणून या प्रशिक्षणाचा गाभा मुलाची चूक ऐकायला शिकणे हा आहे. ‘पाणी’ हा शब्द मुलाने ‘पानी’ असा वाचला, तर त्याने तो बरोबर वाचला आहे; उच्चार घरचा आहे, इतकेच. मराठीच्याही अनेक बोलींत पानीच म्हणतात. पण त्याच शब्दाचे ‘पणी’ झाले, तर काना सुटला आहे आणि तिथे शिकवण्याची गरज आहे. पहिल्या मुलाला टोकले तर ते हळूहळू मोठ्याने वाचणेच सोडते. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड, ‘खाली’ हिंदीत रिकामे आणि मराठीत तळाकडे. असे शब्द शिक्षकाला आधीच ठाऊक असतील तर मुलाच्या चुकीच्या उत्तरामागचा विचार दिसतो. ‘च’ आणि ‘ज’ यांचे मराठीतले दोन-दोन उच्चार (चहा आणि चमचा, जीव आणि जग) लिपीत वेगळे दाखवले जात नाहीत, तेही हिंदीभाषक मुलासाठी मुद्दाम ऐकवावे लागतात.

पद्धतीत अक्षरगटांवर भर असतो. सगळी मुळाक्षरे आणि पूर्ण बाराखडी पाठ होण्याची वाट न पाहता क, म, न, ल आणि काना एवढ्यावर काम, कान, नाक, मान, लाल असे अर्थपूर्ण शब्द लगेच वाचता येतात. जोडीला रोज गोष्ट मोठ्याने वाचून दाखवणे आणि तिच्यावर मुलांना त्यांच्या बोलीत बोलू देणे. वाचून दाखवण्याचा आणि बोलू देण्याचा हा भागच वेळापत्रकातून सर्वांत आधी गळतो, ही खेदाची बाब आहे.

या कामाला मुंबईत जुनी परंपरा आहे. 1995 मध्ये शहरातील वस्त्यांतील मुलांसाठी सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने इयत्तेऐवजी वाचनपातळीनुसार गट करून शिकवण्याची रीत रुजवली. ती पुढे देशभर आणि देशाबाहेरही गेली. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने वर्गातील अनेक भाषांना साधनसंपत्ती मानले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असे म्हटले आहे, आणि 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने पायाभूत वाचन केंद्रस्थानी आणले. ‘दीक्षा’ या सरकारी डिजिटल मंचावरील ऑनलाइन अभ्यासक्रमांमुळे तास भरणे सोपे झाले. मात्र प्रमाणपत्र मिळाल्याने वर्ग बदलत नाही. कोणीतरी जाणकार शिक्षकाच्या वर्गात बसतो, मुलांचे वाचन सोबत ऐकतो आणि नंतर दोघे त्यावर बोलतात, तेव्हा बदल टिकतो. निवडणूक आणि सर्वेक्षणाच्या कामांतून शिक्षकाला तेवढा वेळ मोकळा मिळणे हीच मोठी अडचण आहे.

अमराठी माध्यमांच्या शिक्षकांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे कमी लक्ष गेले आहे. राज्याच्या 2020 च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते आणि तिच्यात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. तमिळ लिपीत क आणि ग यांना एकच अक्षर आहे. या लिपींत वाचायला शिकलेल्या मुलाला देवनागरीतले ऱ्हस्व-दीर्घ, रफार आणि जोडाक्षरे कोणत्या क्रमाने द्यायची, हे मराठीभाषक मुलासाठी बेतलेल्या प्रशिक्षणातून कळत नाही. त्यासाठी त्या माध्यमांतील अनुभवी शिक्षकांनाच प्रशिक्षक म्हणून पुढे आणावे लागते.