बेस अँप्लिफायरमध्ये नाही, खोलीत हरवतो

खोक्यावर '५००० वॉट पीएमपीओ' वाचून सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर (बेस) वाजवणारा स्पीकर, आणायचा, नॉब शेवटपर्यंत पिळायचा आणि तरी सोफ्यावर बेस जाणवत नाही म्हणून आणखी दणकट अँप्लिफायर शोधायला निघायचं, असं फार घरांत चालतं. पीएमपीओ हा जाहिरातीचा आकडा. बघायचे ते आरएमएस वॉट, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद. तेही दुप्पट केले तर वाढ होते ३ डेसिबलची, कानाला थोडीशीच. घोळ बहुधा खोलीत असतो.

हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर. म्हणून ४० हर्ट्झच्या (सेकंदाला ४० कंपनं) लाटेची लांबी ८.६ मीटर. खोली ४.३ मीटर, म्हणजे साधारण १४ फूट लांब असली, की तिच्यात बरोबर अर्धी लाट मावते. समोरच्या भिंतीवरून परतलेली लाट येणारीत मिसळते आणि स्थिर तरंग उभा राहतो: दोन्ही भिंतींपाशी दाबाचा चढउतार सर्वाधिक, मधोमध जवळपास शून्य. कानाला कळतो तो दाबातला बदल. त्यामुळे मध्यावर बसलेल्याला ४० हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू येतो आणि भिंतीला टेकलेल्याला तोच घुमतो. ८० हर्ट्झला चित्र पालटतं: मध्यावर दाब पुन्हा भरपूर, शून्याच्या जागा भिंतींपासून पाव अंतरावर. शिवाय रुंदीचे आणि उंचीचे तरंग निराळेच. इक्वलायझर, म्हणजे निवडक सूर कमीजास्त करायची सोय, इथे हात टेकते, कारण थेट लाट वाढवली की तिला खोडणारी परतीची लाटही तेवढीच वाढते.

उपाय फुकट आहे. सबवूफर सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवा, बेसचं गाणं लावा आणि भिंतीच्या कडेने रांगत ऐका. घरचे हसतील, हसू द्या. जिथे खालचे सगळे सूर सारखे ऐकू येतील, ती सबवूफरची जागा. स्रोत आणि कान यांची अदलाबदल केली तरी परिणाम तोच राहतो. वास्तूवाल्यांची आग्नेय दिशा इथे चालत नाही, लाटेला फक्त भिंती कळतात.

आता जोडणी. रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर) सब-आउटमधून, म्हणजे सबवूफरसाठीच्या आउटपुटमधून, एक आरसीए केबल (साधी ऑडिओ केबल) सबवूफरच्या 'एलएफई' (खालच्या सुरांच्या) इनपुटला. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये बाकीचे स्पीकर 'स्मॉल', म्हणजे त्यांचा बेस सबवूफरकडे जातो, आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे वळतात ती सीमा, ८० हर्ट्झ. सबवूफरवर क्रॉसओव्हरचा वेगळा नॉब असेल तर तो पूर्ण वर; नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसून ८० च्या आसपास खड्डा पडतो. मग ८० हर्ट्झचा सूर लावून सबवूफरवरचं फेजचं (लाट सरळ की उलटी हे ठरवणारं) बटण ० आणि १८० वर फिरवा, आवाज मोठा येईल तिथे ठेवा.

सतत घूं आवाज आला तर रिसीव्हर आणि सबवूफर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. तरी थांबला नाही तर सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. अर्थिंगची पिन मात्र कापू नका.