डिजिटल केबल जोडली, तरी हमिंग का येतं?

सभामंडपात टीव्ही एका भिंतीला, भजनी मंडळाचा ॲम्प्लिफायर समोरच्या. डिजिटल केबल टाकली तरी स्पीकर घूं करतोच. डिजिटल केबलमधून आवाज आकड्यांच्या रूपात जातो, आणि आकड्यांत हमिंग शिरत नाही, हे खरं. पण कोॲक्सियल केबलची (मधे तार, भोवती जाळी) जाळी धातूची, आणि ती दोन्ही उपकरणांचे अर्थ, म्हणजे अर्थिंगच्या जोडण्या, एकमेकांना जोडते. दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये जरासा व्होल्टेजचा फरक असला, की ५० हर्ट्‌झचा प्रवाह जाळीतून फिरतो आणि ॲम्प्लिफायरच्या ॲनालॉग भागात ऐकू येतो.

तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या सळीला धरून राहत नाही. पावसाळ्यात गप्प असलेली सिस्टिम मे महिन्यात घुमू लागली, तर त्यात नवल नाही. मग कुणीतरी प्लगची अर्थची पिनच काढतो. हे कधीही करू नका. फेज बॉडीला लागला तर माईक धरलेल्या माणसाला शॉक बसेल.

आधी दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर घ्या. मग आवाज बंद करून डिजिटल केबल काढा, आणि आवाज पुन्हा वाढवून ऐका. घूं थांबली तर दोष जोडणीत. केबल काढूनही राहिली, आणि ती १०० हर्ट्‌झची कर्कश असेल, तर ॲम्प्लिफायरचे फिल्टर कपॅसिटर तपासा.

दोन्हीकडे ऑप्टिकल सॉकेट असेल तर प्रश्न मिटला: प्लास्टिकच्या तंतूतून लाल प्रकाश जातो, वीज नाही. फक्त केबल काटकोनात दुमडू नका.

नसेल, तर ट्रान्सफॉर्मर लावा: त्याच्या दोन गुंडाळ्या एकमेकींना तारेने जोडलेल्या नसतात, म्हणून सिग्नल पुढे जातो, पण अर्थ जोडले जात नाहीत. पाठवणाऱ्या सर्किटमधून ५ व्होल्टचा एस/पीडीआयएफ (डिजिटल आवाजाचा) सिग्नल मिळत असेल, तर त्याच्या वाटेत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, पुढे ३९० ओहम, आणि तिथून ग्राउंडला ९१ ओहम. ७५ ओहमच्या केबलवर साधारण अर्धा व्होल्ट मिळतो, तेवढाच हवा. ३.३ व्होल्ट असेल तर २४० आणि ११० ओहम. ग्राउंडकडच्या रेझिस्टरला समांतर १:१ पल्स ट्रान्सफॉर्मर. जुन्या नेटवर्क कार्डातला चालतो. दुसरी गुंडाळी थेट आरसीए सॉकेटला (मधे पिन, भोवती कडी असलेलं गोल सॉकेट). केबल ७५ ओहमचीच, म्हणजे आरजी-५९. साधी ऑडिओ वायर लांब टाकली तर सिग्नल परावर्तित होतो आणि आवाज तुटक येतो.

घोटाळा बहुतेक वेळा सॉकेटपाशी होतो. पत्र्याच्या डब्यात ते नटाने घट्ट आवळलं, की बाहेरची कडी डब्याला टेकते आणि ट्रान्सफॉर्मर असून नसल्यासारखा. प्लास्टिकचे वॉशर दोन्ही बाजूंनी घाला, केबल काढून कडी आणि डबा यांच्यात मल्टिमीटर लावा. बीप यायला नको. बीप नाही, तरीही घूं आहे? मग टीव्ही आणि ॲम्प्लिफायरमध्ये विसरलेली एखादी एचडीएमआय किंवा ऑडिओ वायर शोधा.